अंदमानला निघताना

नाताळची सुट्टी जवळ आली की आपल्याकडच्या कितीतरी घरांत अंदमानचा बेत शिजू लागतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, मग बोटीने हॅवलॉक. या बेटाचं नाव 2018 पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरही आता श्री विजयपुरम झालंय, तेव्हा तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका.

बॅगा भरण्याआधी वेळापत्रकाचं बोलू. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात. समुद्र खवळला की बेटांवरच्या बोटी बंद. डिसेंबर 2016 मध्ये असंच हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉकला अडकले होते, नौदलाने त्यांना बाहेर काढलं. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी हॅवलॉकला राहू नका. शेवटची एक रात्र, जमल्यास दोन, पोर्ट ब्लेअरलाच काढा. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, थोडी रोख रक्कमही जवळ असू द्या.

आता बोट. 26 जानेवारी 2014 ला पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट उलटून वीसहून अधिक जणांचा जीव गेला. बोटीत मावतील त्याहून कितीतरी जास्त माणसं बसवली होती. गर्दीच्या दिवसांत ‘सरका जरा, बसतील अजून चार’ हे आपण एसटीत ऐकतो, तेच धक्क्यावरही ऐकू येतं. तिथे मात्र सरळ उतरायचं, पैसे बुडाले तरी चालतील. लाइफ जॅकेट मांडीवर ठेवण्यासाठी नसतं. पदर किंवा ओढणी आत घेऊन सगळे पट्टे आवळा. मुलांना मुलांच्याच मापाचं मागा, मोठ्यांचं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निसटून वर येतं आणि मूल खाली जातं.

किनाऱ्यावर आलेलं पाणी कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने मागे ओढलं जातं. फसगत अशी की तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे तीच जागा शांत वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढ संपली की मग आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात हलवा. आपल्या गणपतीपुळ्यालाही हेच लागू आहे.

खारफुटीच्या खाड्यांत मगरी असतात, आणि त्या समुद्रातही येतात. 2010 मध्ये हॅवलॉकलाच एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पाटी लावलेली असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जायचं नाही. शिवाय तिथे डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. आपल्याकडच्या चहाच्या वेळेला तिथे अंधार पडतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

स्कूबा केलंत तर पुढचे 24 तास विमानात बसू नका. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुडे होऊन त्रास देतो.

भूकंपाचा जोराचा धक्का बसला, किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर शिंपले वेचायला धावायचं नाही. सामान टाकून उंचावर जा, सूचनेची वाट पाहू नका. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी याच सुट्ट्यांत आली होती.

तटरक्षक दलाचा नंबर 1554, एरवी मदतीसाठी 112. मोबाइलला रेंज नसते तेव्हाचा विचार करून हॉटेलचा नंबर मुलांच्या खिशात कागदावर लिहून ठेवा.