आजोबांच्या काळची वीज

जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला अंधाराचे भय सहसा वाटत नाही. कोठे किती पायऱ्या आहेत, कोणत्या चौकटीशी मान लववावी, हे त्याच्या देहालाच पाठ असते. आमच्या इंदूरच्या वाड्यात माजघराच्या दारातून आत शिरताच डावा हात आपोआप भिंतीकडे जाई आणि बोटांना पितळी टोपीचे गोल बटण लागे. त्याची दांडी खाली ओढली की ‘खट्’ असा भारदस्त आवाज होई आणि काळ्या पडलेल्या तुळईखाली दिवा उजळे. ‘आजच्या बटणांना असा आवाज नाही,’ असे आमचे काका नेहमी म्हणत. ते खरेच होते. परंतु त्या आवाजापाठीमागे, भिंतीवरच्या सागवानी पट्टीच्या पोटात, काय चालले आहे याचा विचार आम्ही कोणी पंच्याऐंशी वर्षांत केला नव्हता.

वाड्यात वीज आली ती १९३८ साली. होळकरशाहीचे दिवस होते. काही वर्षांपूर्वीच यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला होता आणि त्यासाठी बरेचसे सामान युरोपातून आणविले होते. आमच्या गल्लीत मात्र एखाद्या घरात चार दिवे लागले तरी ती वार्ता होई. आजोबा दरबारच्या कचेरीत कारकून. ‘घरात वीज घेणे म्हणजे विस्तव पदरात बांधणे,’ असे पणजोबांचे मत होते म्हणे. आजोबांनी वडिलांचा रोष पत्करून कंदील उतरविले आणि पाच खोल्यांत पाच दिवे लावले. पुढे पंखा आला, रेडिओ आला. तारा मात्र त्याच राहिल्या. ‘वडिलांच्या हातचे काम आहे. अजून खणखणीत आहे,’ हे काकांचे वाक्य आम्ही सर्वांनी श्रद्धेने ऐकले आणि श्रद्धेनेच मानले.

त्या काळच्या कारागिरांचे काम खरोखरच हलके नव्हते. सागाच्या पट्टीला दोन खोबणी पाडीत. एकीत एक तार, दुसरीत दुसरी. वरून लाकडी झाकण स्क्रूने बसवीत. माळ्यासारख्या ठिकाणी चिनी मातीच्या लहान चिमट्यांत तारा धरून उघड्यावरूनच नेत. जोड द्यायचा तर तारांना पीळ देऊन, झाळून, वर रबरी पट्टी गुंडाळीत. तार तांब्याची; तिच्यावर गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचे वेष्टण आणि त्या वेष्टणावर सुताची वीण. गंधकाने तांबे खराब होऊ नये म्हणून तारेला आधी चक्क कल्हई केलेली असे. भांड्यांप्रमाणे विजेच्या तारांनाही कल्हई होत असे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले, आणि त्या अनामिक कारागिरांविषयीचा आदर दुणावला.

पण तांबे टिकते, चिनी माती टिकते, सागही टिकतो. रबर टिकत नाही. ते शेवटी झाडाचा चीक. हवा आणि उष्णता यांनी ते हळूहळू कडक होते, तडकते आणि अखेर त्याचा भुगा होतो. पंचवीस-तीस वर्षे त्याने सेवा केली म्हणजे त्याचे ऋण फिटले असे समजावे. दिव्याच्या होल्डरपाशी ऊब अधिक, म्हणून तेथे त्याचे म्हातारपण आधी येते. आपण ‘जुने ते सोने’ म्हणतो खरे. पण सोने गंजत नाही म्हणूनच ते सोने, एवढे त्या म्हणीतच गृहीत आहे.

२०२३ च्या गणेशोत्सवात या गोष्टीचा उलगडा झाला. गौरींसाठी पुण्याहून, नागपुराहून मंडळी आली होती. पुण्याच्या भावाच्या तान्ह्या नातवाला उकाडा सोसत नाही, म्हणून माडीवरच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसविले होते. कोणा हौशी मुलाने ते दिव्याच्या जुन्या तारेवरच जोडून दिले होते. देवापुढे रोषणाई, स्वयंपाकघरात विजेची शेगडी, न्हाणीघरात पाणी तापविण्याचे यंत्र, असा थाट होता. गौरीजेवणाच्या रात्री सारे दमून निजले. बारा वाजण्याच्या सुमारास काकूंनी मला हलवून जागे केले. “अरे, काहीतरी जळतंय. रबर जळल्यासारखा वास येतोय.” काका अंथरुणावरूनच म्हणाले, “अगं, धूप असेल देवापुढचा.” एकोणऐंशी वर्षांच्या काकूंचे नाक काकांच्या श्रद्धेपेक्षा शहाणे निघाले. मी धावत जाऊन मुख्य बटण बंद केले. ती रात्र आम्ही समईच्या उजेडात, बाळाला अंगणात घेऊन, जागून काढली.

सकाळी परवानाधारक मिस्त्री आले. साठीचे, मितभाषी गृहस्थ. जिन्याजवळच्या सागवानी पट्टीचे झाकण त्यांनी उघडले, तेव्हा आतून हातभर लाकूड कोळशासारखे काळे झालेले दिसले. पुढच्या भागातील तार वरून धडधाकट दिसत होती. सुताची वीणही शाबूत होती. मी कुतूहलाने बोट पुढे केले, तशी ते चटकन म्हणाले, “मास्टरसाब, मेन बंद है, फिर भी हाथ मत लगाइए. जब तक छुआ नहीं, तभी तक तार है.” मग त्यांनी स्वतः पकडीने ती तार किंचित वाकविली. वेष्टण बिस्किटासारखे तुटून खाली पडले आणि उघडे तांबे चमकू लागले. इतकी वर्षे ते सारे केवळ कोणी न हलविल्यामुळे जागच्या जागी उभे होते.

यामागचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. आजोबांचे पाच दिवे प्रत्येकी ६० वॉटचे धरले तरी भार ३०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टला सव्वा अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह. पाच अँपिअरची तार हा भार हसत वाहते. पाणी तापविण्याचे २००० वॉटचे एकच यंत्र सुमारे पावणेनऊ अँपिअर मागते. दीड टनी वातानुकूलन यंत्राला सहा-सात अँपिअर सहज लागतात. शिवाय प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला तर नऊपट. नाकापेक्षा मोती जड झाल्यावर दोष नाकाचाही नाही आणि मोत्याचाही नाही; तो घालणाऱ्याचा आहे.

अशा वेळी रक्षण करावयाचे ते फ्यूजने. ठरलेल्या प्रवाहापलीकडे गेले की स्वतः वितळून मार्ग तोडावयाचा, एवढेच त्या बारीक तारेचे कर्तव्य. आमच्या पेटीतील चिनी मातीच्या फ्यूजमध्ये मिस्त्रींना जाड तांब्याचा वळलेला तुकडा सापडला. पूर्वी कधीतरी फ्यूज वारंवार उडतो म्हणून आमच्यापैकीच कोणी तो घातला असणार. रात्री हाका मारून झोपमोड करतो म्हणून पहारेकऱ्याला अफू देऊन निजवावे, तसा हा प्रकार.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखविली. जुन्या पद्धतीत दोन्ही तारांवर फ्यूज बसवीत. परतीच्या, म्हणजे न्यूट्रल तारेवरचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण दुसऱ्या तारेतील वीज होल्डरपर्यंत जिवंतच राहते. दिवा बंद आहे म्हणून निर्धास्त हात घालणाऱ्याचा त्यात घात होतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी न्यूट्रल तारेत असा फ्यूज घालण्यास मनाई केली होती. आमच्या वाड्याला तो नियम कधी कळलाच नाही. अर्थिंगची तिसरी तार तर नव्हतीच. यंत्रात बिघाड होऊन त्याच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जाण्यासाठी स्पर्श करणाऱ्या माणसाच्या देहाखेरीज दुसरी वाट नव्हती.

मोठ्या वास्तूही यातून सुटत नाहीत. ब्राझीलमधील रिओ दि जानिरोचे राष्ट्रीय संग्रहालय १८१८ साली स्थापन झालेले आणि पूर्वीच्या राजवाड्यात नांदणारे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळाले आणि दोन शतकांच्या संग्रहाचा फार मोठा भाग नष्ट झाला. आग सभागृहातील वातानुकूलन यंत्रापासून सुरू झाल्याचे पुढील वर्षी पोलिसांच्या तपासात सांगण्यात आले. जुन्या घरात नवे यंत्र आणताना त्याची वाट आधी तपासावी लागते, हा धडा राजवाड्याला आणि वाड्याला सारखाच.

आता थोडे स्वतःविषयी. वाड्यातील तारा बदलण्याची गोष्ट प्रथम निघाली ती २०१२ साली. ती मीच काढली होती आणि मीच सोडून दिली. वाड्याचे हिस्सेदार पाच. त्यांपैकी तीन परगावी. विजेचे देयक अजूनही आजोबांच्याच नावाने येते. माडी एकाची, माजघर दुसऱ्याचे; पण तारा सर्वांच्या, म्हणून कोणाच्याच नाहीत. रंग द्यावयाचा तर प्रत्येक जण आपापल्या खोलीला देतो. पट्टीच्या आत दडलेल्या वस्तूसाठी पैसे कोणी काढावे? हे बारभाईंचे घोंगडे आम्ही अकरा वर्षे भिजत ठेवले. दरवर्षी मी ‘पुढच्या उन्हाळ्यात पाहू’ म्हणत असे. शाळेत मुलांना वेळेवर न केलेल्या कामाबद्दल उभे करणारा मी, या एका कामात नापास झालो होतो; आणि त्याची किंमत त्या रात्री माडीवर निजलेले तान्हे मूल देणार होते.

काकांची समजूत घालणे हा मोठा प्रश्न वाटत होता. मी युक्तिवाद केला नाही. जळलेल्या पट्टीचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, नाकाशी नेला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वडील असते तर त्यांनी हे कधीच बदललं असतं. आजोबांचा विरोध मोडून त्यांनीच तर कंदील काढले होते. मी त्यांची तार सांभाळत बसलो.” संध्याकाळी त्यांनी स्वतः चौघा हिस्सेदारांना फोन केले. पैशांची तक्रार कोणीही केली नाही. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते, एवढेच.

काम तीन आठवडे चालले. विटा, माती आणि चुन्याच्या जुन्या भिंती फोडल्या नाहीत. नव्या तारा नळ्यांतून भिंतीच्या वरून नेल्या. जड यंत्रांना स्वतंत्र तारा दिल्या, प्रत्येक प्लगला अर्थिंग दिले, फ्यूजच्या जागी आपोआप पडणारे एम.सी.बी. आले. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या मर्यादेपर्यंत जाताच वीज तोडणारे आर.सी.सी.बी. मुख्य पेटीत बसविले. ६० वॉटच्या एका दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याचा हा जेमतेम आठवा-नववा भाग. पण माणसाचे हृदय थांबविण्यास तेवढ्याहून फार अधिक लागत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे ग्वाल्हेरच्या लष्करात, बडोद्याच्या पोळांत, बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. तेथे सुताची वीण असलेली तार, पितळी गोल बटणे किंवा दोनच छिद्रांचे प्लग दिसले, बटण हाताला गरम लागले, मोठे यंत्र लावताच दिवे मंदावले, फ्यूज वारंवार उडू लागला, नळाला वा पत्र्याला हात लावता मुंग्या आल्या, तर स्वतः काही उघडून पाहू नये. मुख्य बटण बंद करून परवानाधारक माणसाला बोलवावे. त्याच्याजवळ मेगर नावाचे उपकरण असते; तारेच्या वेष्टणात कितपत जीव उरला आहे, हे त्यावरून कळते. आणि हिस्सेदार पाच असोत की पंधरा, पत्र पहिल्याने आपणच लिहावे.

माजघराच्या दाराशी ते पितळी बटण अजून आहे. मिस्त्रींनी त्याच्या तारा काढून टाकल्या आहेत; नवे बटण शेजारी आहे. काका येता-जाता जुन्याची दांडी एकदा खाली ओढतात, ‘खट्’ आवाज ऐकतात, आणि मग नव्याने दिवा लावतात.