देवमाशाचा चुलतभाऊ

नालासोपाऱ्याहून पोरांना घेऊन राणीच्या बागेत जायचं म्हणजे अख्खा रविवार खर्ची घालायचा. चर्चगेट गाडीत उभ्याने दादर, तिथला पूल ओलांडून मध्य रेल्वे, मग भायखळा. एवढं करून पाणघोड्यापाशी पोहोचावं, तर गढूळ पाण्यावर दिसतात दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या. पोरं ‘हा काही करतच नाही’ म्हणून पेंग्विनकडे पळतात. पळू द्यावीत. मोठ्यांनी मात्र तिथे पाच मिनिटं थांबावं.

पाचच, कारण मोठा पाणघोडा एका दमात साधारण तेवढाच वेळ पाण्याखाली राहतो. मग नाकपुड्यांच्या झडपा उघडतात, फुस्सकन हवा सुटते आणि कान भिंगरीसारखे फिरून पाणी झटकतात. कान, डोळे, नाक सगळं डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे दीड-दोन टनांचं धूड बुडवून ठेवूनही त्याला ऐकता येतं, बघता येतं, श्वास घेता येतो. झोपेतसुद्धा तो न जागता वर येतो, श्वास घेतो आणि पुन्हा खाली जातो. गंमत म्हणजे उभा जन्म पाण्यात काढणाऱ्या या प्राण्याला धड पोहता येत नाही. अंग इतकं जड की तो तळाशी पाय टेकत, हलक्या उड्या मारत चालतो.

मग पाण्यात राहायचंच कशाला? कातडीपायी. ती जाड असली तरी तिचा सगळ्यात वरचा थर फार पातळ आहे. उन्हात ती भराभर सुकते, तडकते. आपल्यासारखा घामही त्याला येत नाही. त्याऐवजी अंगातून एक चिकट द्राव पाझरतो. सुरुवातीला त्याला रंग नसतो, काही मिनिटांत तो लाल होतो आणि नंतर तपकिरी. पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो, असं पूर्वी लोक म्हणत ते यामुळेच. 2004 साली जपानी संशोधकांनी या द्रावातली दोन रंगद्रव्यं वेगळी केली, एक लाल आणि एक नारिंगी. दोन्ही सूर्याचे अतिनील किरण शोषतात आणि लाल द्रव्य काही जिवाणूंची वाढही रोखतं. नरांच्या अंगावर भांडणांच्या जखमा कायम असतात आणि पाणी तर शेणाने भरलेलं. तिथे असं मलम अंगातूनच पाझरणं ही केवढी सोय!

ऊन कलल्यावर त्याचा दिवस सुरू होतो. अंधारात तो काठावर चढतो, काही किलोमीटर चालतो आणि रात्रभरात चाळीसेक किलो गवत खातो. गवत तोडायचं ते रुंद, टणक ओठांनी. जबड्यातले ते भयंकर सुळे, अर्धा मीटरपर्यंत वाढणारे, खाण्याच्या कामी येतच नाहीत. ते भांडणासाठी. भांडणं मात्र बहुतेक पाण्यातलीच. नदीचा एक पट्टा एका नराच्या ताब्यात असतो, तिथे दुसऱ्या नराने मस्ती केली की जबडे उघडलेच. रात्री चरायला निघाल्यावर मालकी कुणाचीच नसते.

हद्द सांगायची पद्धत अंमळ किळसवाणी आहे. शेपटी पंख्यासारखी हलवत तो शेण चहूकडे उडवतो. मोझांबिकमध्ये संशोधकांनी पाणघोड्यांना ध्वनिमुद्रित हाका ऐकवल्या. या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. ओळखीच्या शेजाऱ्याच्या हाकेपेक्षा परक्याच्या हाकेला त्यांचा प्रतिसाद जोरदार होता आणि शेणफेकही जास्त. म्हणजे नुसत्या आवाजावरून त्यांना आपला-परका कळतो. हे शेण वायाही जात नाही. माळावरचं गवत रोज रात्री पोटातून नदीत उतरतं. केनियातल्या मारा नदीत कोरड्या दिवसांत ते डोहांच्या तळाशी इतकं साचतं की पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि अचानक लोंढा आला की खालच्या अंगाला मासे मरतात. एरवी त्याच शेणावर नदीतले असंख्य जीव पोसतात.

हा प्राणी आज आफ्रिकेबाहेर मोकळा राहत नाही (कोलंबियात एका अमली पदार्थांच्या तस्कराने नेलेल्या पाणघोड्यांची पिलावळ सोडली तर). पण हिमयुगाच्या काळात तो आपल्याकडेही होता. नर्मदेच्या गाळात त्याचे जीवाश्म सापडले आहेत, मराठवाड्यात मांजरेच्या खोऱ्यातही. आजच्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यात पुढे चार पटाशीचे दात असतात, आपल्याकडच्याला सहा होते. ज्या मांजरेच्या खोऱ्यातल्या लातूरला 2016 साली रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे कधीकाळी वर्षभर डुंबायला पाणी आणि चरायला गवत होतं, हे हाडांवरूनच कळतं.

आणि नातं? दिसायला डुकराच्या जवळचा, म्हणून पूर्वी शास्त्रज्ञांनीही त्याला तिकडेच बसवलं होतं. जनुकं तपासल्यावर भलतंच निघालं. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याच्या कुळाचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन. आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्याला कधीमधी मेलेला देवमासा लागतो आणि बघायला गर्दी होते, त्याचा चुलतभाऊ भायखळ्याला गवत खात बसलाय! दोघांचा पूर्वज पाच कोटी वर्षांहून जुना.

या वंशावळीतला एक महत्त्वाचा दुवा भारतातलाच. जम्मूतल्या कालाकोट भागातून ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जीवाश्म असलेले खडक गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांना दिले. एक कवटी साफ करताना प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाच्या हातून चुकून तिचा कानाचा भाग मोडला आणि आत हाडाची जी जाड भिंत दिसली ती देवमाशांच्या कानात असते तशी! मांजराएवढ्या, हरणासारख्या पायांच्या या प्राण्याचं नाव इंडोह्यूस. त्याच्या पायांची हाडं पाणघोड्यासारखीच भरीव आणि जड, पाण्यात तळाशी टिकून राहण्याजोगी.

तरीही पाणघोडा हा अर्ध्या वाटेवर थांबलेला देवमासा नव्हे. दोघंही जवळजवळ बिनकेसांचे, दोघांची पिल्लं पाण्याखाली दूध पितात, त्यामुळे तसं वाटतं खरं. पण 2021 साली दोघांच्या कातडीची आणि जनुकांची बारकाईने तुलना झाली, तेव्हा कातडीतले हे बदल दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी झाल्याचं दिसलं. एक घराणं जमीन कायमची सोडून समुद्रात गेलं. दुसरं त्याच्यामागून नव्हे, आपल्या हिशेबाने नदीत उतरलं आणि गवतासाठी आजही रोज रात्री काठावर येतं.