दुधापायी वासरू गेलं

माझं माहेर गडहिंग्लजचं, सासर चिकोडी तालुक्यातलं. माहेरच्या गोठ्यात ज्याला लाळ्या-खुरकूत म्हणायचे, त्यालाच सासरी कालु-बायी ब्यानी म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हे दोन वेगळे आजार आहेत. आजार एकच, हे मला 2012 साली कळलं. कळायला नको होतं तसं कळलं.

आमचा गोठा लहान. एक संकरित गाय, एक म्हैस आणि खिलारी बैलांची जोडी. 2011 च्या दसऱ्याच्या सुमारास पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसं लस टोचायला दारात आली. गाय सहा महिन्यांची गाभण होती, पण अजून दोन लिटर दूध द्यायची. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. “हालु कडिमी आगतैति,” त्या म्हणाल्या आणि विषय संपला. बैलांना तरी टोचा म्हटलं, तर ह्यांचं म्हणणं पडलं की मानेवर गाठ येते, मग जू ठेवता येत नाही. उसाची वाहतूक तोंडावर आली होती. लसवाले शेजारच्या दारात गेले.

मी काही बोलले नाही. सून होते, आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांचं दूध मलाही मोठं वाटत होतं.

माघी पौर्णिमेला ह्यांनी गाडी जुंपून चिंचलीच्या मायाक्काची जत्रा केली. ती जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. बेळगाव, सांगली, कोल्हापूर, सगळीकडच्या गाड्या येतात. बैलांच्या रांगाच रांगा, एकाच ठिकाणी पाणी पिणं, शेजारच्याच्या वैरणीत तोंड घालणं. बैल परत आले तेव्हा ठणठणीत दिसत होते. चार दिवसांनी सर्जाच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली. तोंडाचा चप्-चप् आवाज, वैरणीला तोंड नाही, आणि पुढचा पाय उचलून उभा. तोंड उघडून बघितलं तर जिभेची साल निघालेली. आठवड्याभरात गाय, म्हैस, दुसरा बैल, सगळी आडवी.

आम्ही जमेल ते केलं. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड आणि खुरं धुतली, बोरिक पावडर ग्लिसरीनमध्ये कालवून जिभेला लावली, जखमेवर माशी बसू नये म्हणून कडुलिंबाचं तेल चोळलं, तांदळाच्या कण्यांची पेज पाजली. विषाणूवर औषध नाही. जखमा चिघळू नयेत म्हणून ही सगळी धडपड.

मोठी जनावरं वाचली. गायीची दीड महिन्याची तांबडी कालवड मात्र गेली. तिच्या तोंडात एक फोडही आला नव्हता. सकाळी दूध प्यायली, उड्या मारल्या आणि दुपारी पाय ताणून पडली. डॉक्टर म्हणाले की लहान वासरांत हा विषाणू सरळ हृदयाच्या स्नायूवर जातो, फोड यायलाही वेळ मिळत नाही. चार महिन्यांच्या आतल्या वासराला ही लस देत नाहीत. पण आईला टोचलेलं असतं, तर पहिल्या चिकातूनच वासराला काही संरक्षण मिळालं असतं. हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. अव्वा तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गायीचं दूध पुन्हा पहिल्यासारखं झालंच नाही. अंगावर राठ केस वाढले, उन्हात बांधली की कुत्र्यासारखी धापायची. लाळ्यातून उठलेल्या काही जनावरांना असं होतं म्हणे. दोन दिवसांचं दूध वाचवायला गेलो आणि पुढची दोन वेतं गमावली.

अव्वांची समजूत मात्र आमच्या हिशेबाने पटली नाही, ती दुसऱ्याच गोष्टीने पटली. त्यांच्या लहानपणी ‘दोड्ड ब्यानी’ने, म्हणजे आपल्या बुळकांड्याने, अख्खे गोठे रिकामे झालेले त्यांनी ऐकले-पाहिले होते. डॉक्टरांनी विचारलं, “अव्वा, आता दोड्ड ब्यानी कुठं दिसते का?” त्या म्हणाल्या, नाही. भारत 2006 मध्ये त्या रोगातून मुक्त ठरला आणि 2011 मध्ये तर तो साऱ्या जगातून गेला, तोही लसीच्या जोरावर, हे त्यांनी अव्वांना कन्नडमध्ये सविस्तर सांगितलं. देवीच्या कोपाने येणारा रोग सुईने जातो, हे ऐकून त्या बराच वेळ गप्प होत्या.

आता आमचं वर्षाचं गणित ठरलेलं आहे. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी. पहिल्यांदाच टोचलेल्या वासराला महिन्याने पुन्हा एकदा. 2019 पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस सरकार फुकट देतं, कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर नोंद होते. त्याच कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ‘कंदु रोगा’ची लस जन्मात एकदाच मिळते. ती वेळ हुकली की हुकली, म्हणून कालवडीची जन्मतारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. पावसाआधी, मे महिन्यात, घटसर्प आणि फऱ्या. अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे कारहुण्णिवीला बैलांची शिंगं रंगवायच्या आधी हे उरकलेलं बरं. फऱ्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि सहा महिने ते दोन वर्षांची धडधाकट, गुबगुबीत जनावरंच आधी उचलतात.

इथे नावांचा घोळ सांगायलाच हवा. एका मे महिन्यात मी लस टोचणाऱ्याला मराठीत विचारलं, “घटसर्पाची दिली ना?” त्याने मान हलवली. कार्ड वाचून घेतलं तर ती कालु-बायीची निघाली. त्याला घटसर्प हा शब्दच माहीत नव्हता, त्याच्या लेखी ती ‘गंटलु ब्यानी’. तेव्हापासून आमच्या गोठ्याच्या खांबावर खडूने दोन्ही नावं लिहिलेली आहेत: फऱ्या म्हणजे चप्पे ब्यानी, दगडी म्हणजे केच्चल बावु, लम्पी म्हणजे चर्मगंटु. आपल्यासारख्या घरांत आजार एका भाषेत कळतो आणि औषध दुसऱ्या भाषेत मागावं लागतं.

लस टोचणाऱ्याकडे बर्फाचा डबा आहे का, हे अव्वा आधी बघतात. दोन ते आठ अंशांत न ठेवलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

बाकी रोजची कामं. धार काढायच्या आधी पहिल्या दोन पिळ्या काळ्या फडक्यावर काढून बघायच्या, गुठळ्या दिसल्या तर दगडीची सुरुवात समजायची. धार झाली की सड औषधात बुडवायचे आणि वैरण तेव्हाच टाकायची, म्हणजे जनावर अर्धा तास उभं राहतं. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं; लगेच शेणात बसलं की जंतू आत. गोचिडीचं म्हणाल, तर लोक जनावरावर फवारा मारतात आणि भिंतीच्या भेगा विसरतात. गोचीड अंडी घालते ती भेगेत. आम्ही भेगा सिमेंटने बुजवल्या, चुना लावला, तेव्हा कुठे संकरित गायीचा गोचीड-ताप थांबला.

2022 च्या लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले. त्याआधीच ह्यांनी एक पाडी विकत आणली होती. मी काही बोलायच्या आत अव्वांनी ती मळ्यातल्या आंब्याखाली वेगळी बांधली. वेगळी बादली, वेगळा दोर, आणि तिच्याकडून परतताना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय धुवायचे, लिटरला चाळीस ग्रॅम. संध्याकाळी डास हाकलायला लिंबाच्या पाल्याचा धूर. एकवीस दिवस. शेळ्यांच्या देवीची लस लम्पीसाठी वापरत होते, ती टोचून घ्यायला त्यांनीच ह्यांना दवाखान्यात पिटाळलं. पाडीला काही झालं नाही. गावात मात्र काही गोठ्यांत गाठी उठल्या.

मायाक्काची जत्रा आम्ही सोडलेली नाही. फक्त निघायच्या आधी महिनाभर लस झालेली असते, पाण्याची बादली घरची असते, आणि परत आलेले बैल पंधरा दिवस अंगणातल्या चिंचेखाली राहतात. ह्या वर्षी सर्जाच्या जागी आलेल्या नव्या बैलाला कंटाळा आला आणि त्याने दावं तोडलं. थेट गोठ्याच्या दाराशी येऊन हंबरायला लागला. अव्वा आता ऐंशीच्या पुढे आहेत, नीट उभंही राहवत नाही. तरी काठी आडवी धरून त्या दारात बसून राहिल्या, हे शेतातून येईपर्यंत.