तंबूशेजारचा दगड

ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातून कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला निघाले की सुमारे पासष्ट किलोमीटरवर ईगल क्रीक लागते. गाडीने तासाभराचेही अंतर नाही. १९१६ साली अमेरिकेच्या वनखात्याने इथे टेबले मांडली, संडास बांधले आणि लोकांना मुक्कामाला बोलावले. राष्ट्रीय वनातला पहिला रीतसर तळ म्हणून ही जागा ओळखली जाते. तळ तसा लहानच आहे.

अमेरिकेत ‘नॅशनल पार्क’ आणि ‘नॅशनल फॉरेस्ट’ यांत मोठा फरक आहे. पार्क अंतर्गत व्यवहार (इंटिरिअर) खात्याकडे आणि वन मात्र शेती खात्याकडे. लाकूड, कुरणे आणि पाणी हे वनखात्याचे मूळ काम. सहलीला येणाऱ्यांचा विचार त्याच्या जन्मकाळी, १९०५ साली, कुणी फारसा केलेला नव्हता. मग स्वस्त मोटारी आल्या. लोक शनिवारी निघायचे, झाडाखाली गाडी लावायचे, बुंध्याशीच चूल पेटवायचे. दहा वर्षांत अशा जागा उजाड दिसू लागल्या.

याचे कारण शोधणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. इमिलिओ माइनेके हा झाडांच्या रोगांचा अभ्यासक. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातली प्रचंड रेडवूड झाडे पर्यटकांमुळे का खंगतात, हे त्याने तपासले. कुऱ्हाड कुणी चालवली नव्हती. दोष पावलांचा होता. झाडाला अन्नपाणी पुरवणाऱ्या बारीक मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात असतात. हजारो पावलांनी आणि चाकांनी माती चेपली की तिच्यात ना हवा शिरते ना पाणी. झाड लगेच मरत नाही, वर्षानुवर्षे सुकत जाते. म्हणूनच त्याचा संबंध तळावरच्या गर्दीशी कुणी जोडत नव्हते.

जागा खराब झाली की तळ पुढे सरकवायचा, हा तोवरचा सोपा रिवाज. त्यात एकामागून एक नवी जागा उजाड होत जाते. १९३२ साली माइनेकेने उलटे सुचवले: नुकसान एकाच ठिकाणी बांधून ठेवा. अरुंद, एकेरी, वळसा घेऊन परतणारा रस्ता करा. त्याला तिरका फाटा काढून प्रत्येक कुटुंबाला गाडीपुरती जागा द्या. टेबल आणि चूल हलवता येणार नाही अशी पक्की बसवा, कारण माणसे त्यांच्याभोवतीच वावरतात. दोन मुक्कामांमध्ये झुडपे राखा. आणि रस्त्याच्या कडेला मोठे दगड जमिनीत गाडा, म्हणजे गाडी आत घुसणार नाही. ‘इथे येऊ नका’ अशी पाटी लावावीच लागत नाही. मला यातली माणसाची पारख सर्वांत मोलाची वाटते.

पुढच्याच वर्षी मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ काढले. १९४२ पर्यंत त्यांनी देशभर याच पद्धतीचे तळ उभारले. ऑरेगनमधल्या हिल्सबरोतली किंवा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतली मराठी कुटुंबे उन्हाळ्यात ज्या तळांवर तंबू ठोकतात, त्यांतल्या बहुतेकांची मांडणी माइनेकेच्याच वळणाची. लहान तळावर कचेरीही नसते. लोखंडी खांबावर पेटी असते. पाकिटात पैसे घालून टाकायचे आणि त्याची अर्धी चिठ्ठी आपल्या जागेच्या खुंटाला अडकवायची. अनेक ठिकाणी एखादे निवृत्त जोडपे मोसमभर तिथेच राहून स्वेच्छेने देखरेख करते.

पण दगड चाके अडवतात, आग नाही. २ सप्टेंबर २०१७ रोजी याच ईगल क्रीकच्या पायवाटेवर पंधरा वर्षांच्या एका मुलाने धूर सोडणारा फटाका दरीत टाकला. रान कोरडे होते. सुमारे १५० पदयात्री पलीकडे अडकले आणि त्यांना रात्र रानातच काढावी लागली. आगीने कोलंबियासारखी रुंद नदी ओलांडली, पोर्टलंडवर राख पडली, जवळजवळ ४८ हजार एकर रान आगीच्या वेढ्यात सापडले. ती पायवाट तीन वर्षांहून जास्त काळ बंद होती.

दिवाळी झाली की आपल्याकडे गडांवर आणि धरणांच्या काठांवर तंबू पडू लागतात. पावसाळ्यात वाढलेले गवत तोवर वाळलेले असते. कासच्या पठारावर दिवसाला किती माणसे सोडायची हे ठरवावे लागले, तेही पावलांमुळेच. बाकीच्या बहुतेक जागांवर मोजणारे कुणी नाही, दगड गाडणारेही नाही. तेव्हा या मोसमात जाल तर एवढे करा: हिरव्या गवतावर तंबू ठोकू नका, आधीच तुडवून उघडी पडलेली जागा शोधा. नवी चूल मांडू नका, जुन्या तीन दगडांवरच चहा ठेवा. निघण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओता, राख ढवळा, वर हात धरून पाहा. धग लागली तर पुन्हा पाणी ओता.