नोकरींतील सुधारणा-पत्र

हल्लीं मोठ्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडून 'पीआयपी' हीं अक्षरें वरचेवर ऐकूं येतात. 'परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन' या इंग्रजी नांवाचें तें संक्षिप्त रूप होय. एखाद्याचें काम अपेक्षेप्रमाणें उतरत नाहीं असें वरिष्ठांस वाटलें, म्हणजे त्यास एक लेखी पत्र देण्यांत येतें. त्यांत उणिवा, अपेक्षित सुधारणा व मुदत नमूद असते. ही मुदत बहुधा ३०, ६० अगर ९० दिवसांची असते.

असें पत्र आलें कीं पुष्कळ घरांत मुलगा अगर सून तें दडवून ठेवते, नाहीं तर वडील मंडळींचा उपदेश सुरू होतो. आमच्या मतें दोन्हींत नुकसान पत्र मिळालेल्याचेंच आहे. कारण मुदत कोणासाठीं थांबत नाहीं.

दोष सांगितल्यावांचून शिक्षा नसावी, हें या पद्धतीमागील तत्त्व न्याय्यच आहे. आपल्या सरकारी नोकरींत पूर्वीं गोपनीय अहवाल असत. त्यांतील नुसता 'चांगला' हा शेराही बढतीच्या आड येई आणि संबंधितास त्याची वार्ता नसे. देवदत्त यांच्या खटल्यांत २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शेरा बरा असो वा वाईट, तो कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. २०१३ सालीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें हाच निर्णय उचलून धरला.

परंतु दुसरी बाजूही आहे. जॅक वेल्च हे जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख असतां (१९८१ ते २००१) तेथें दरवर्षीं तळाच्या दहा टक्क्यांस दूर सारण्याची रीत पडली. मायक्रोसॉफ्टनें आपल्या येथील अशी सक्तीची क्रमवारी २०१३ सालीं बंद केली. जेथें किती माणसें कमी करावयाचीं हें आधींच ठरलेलें असतें, तेथें सुधारणा-पत्र हा केवळ उपचार होण्याचा संभव असतो.

मग खरें पत्र ओळखावें कसें? त्यांतील भाषेवरून. 'वागणूक सुधारावी' हें वाक्य कधींच सिद्ध करतां येत नाहीं. 'ग्राहकाच्या तक्रारीस दोन दिवसांचे आंत उत्तर जावें' हें मोजतां येतें. म्हणून काम कोणतें, माप कोणतें, तपासणार कोण व केव्हां, आणि शिक्षणाची काय सोय, हीं चार उत्तरें लेखी मागून घ्यावीं. दर आठवड्याच्या भेटींत जें ठरेल तें त्याच दिवशीं वरिष्ठांस लिहून कळवावें. आरोप मान्य नसल्यास 'पत्र मिळालें, मजकूर मान्य नाहीं' असें लिहून सही करावी. रागाच्या भरांत राजीनामा मात्र देऊं नये. स्वहस्तें दिलेला राजीनामा पुढें 'मला काढलें' असें म्हणण्यास आड येतो. मुदतीच्या काळांत दुसरी नोकरी शोधणें हाही विश्वासघात नव्हे.

उरतो घरचा भाग. कर्जाचे हप्ते व शिल्लक यांचा हिशेब सर्वांनीं मिळून मांडावा. शेजारच्या मुलाशीं तुलना टाळावी. पत्र सुनेला आलें असेल, तर तेवढे दोन-तीन महिने स्वयंपाकपाण्याचा व सणवाराचा भार इतरांनीं उचलावा. एकत्र कुटुंबांत पगार जर सर्वांचा मानला जातो, तर पगारावरचें संकटही एकट्याचें राहूं नये, असें आम्हांस वाटतें.