‘उन्हाळी’ लागते म्हणजे नेमकं काय होतं?

लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं. घरात याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्याचं पाणी, सब्जा, बार्ली सुरू होते. बायका तर बरेचदा कुणाला सांगतही नाहीत. वेळेवर औषध मिळालं तर मूत्रमार्गाचा साधा संसर्ग काही दिवसांत बरा होतो. तो चिघळतो लपवल्यामुळे आणि अंदाजाने घेतलेल्या गोळ्यांमुळे. म्हणून मनात घट्ट बसलेले काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : अंगात उष्णता वाढली की हा त्रास होतो.

वस्तुस्थिती : पाणी कमी पडून लघवी गडद झाली तर थोडी जळजळ होते आणि पाणी प्यायल्यावर ती थांबते. संसर्ग मात्र जिवाणूंमुळेच होतो. साध्या संसर्गात दहापैकी सात-आठ वेळा तो जिवाणू ‘ई. कोलाय’ असतो. थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञांनी १८८५मध्ये त्याचं वर्णन केलं. तो आपल्याच आतड्यात राहतो आणि तिथे सहसा काही बिघडवत नाही. त्याचे काही प्रकार गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोहोचतात आणि वर चढतात. त्यांच्या अंगावर बारीक तंतू असतात. तंतूच्या टोकाचं ‘फिमएच’ हे प्रथिन मूत्राशयाच्या अस्तरावरची मॅनोज ही साखर पकडतं. लघवीच्या धारेबरोबर इतर जिवाणू वाहून जातात; हा मात्र कपड्यावरच्या कुसळासारखा चिकटून राहतो. पुढे तो अस्तराच्या पेशींतही शिरतो. तिथे दबा धरून राहिलेले जिवाणू हे त्रास उलटण्याचं एक कारण असू शकतं.

क्लेबसिएला, एन्टेरोकॉकस आणि प्रोटियस हेही संसर्ग करतात. प्रोटियस लघवीतला युरिया फोडून अमोनिया तयार करतो, त्यामुळे एका प्रकारचे मुतखडे होतात.

गैरसमज : हा आजार सार्वजनिक शौचालयातून लागतो.

वस्तुस्थिती : कमोडच्या सीटला मांड्यांची त्वचा टेकते, मूत्रमार्गाचं तोंड टेकत नाही. खरं नुकसान होतं ते शौचालय टाळण्याने. प्रवासात, बाजारात, कामावर बायका पाणीच पीत नाहीत आणि तासन्‌तास लघवी दाबून धरतात. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला; बाकीच्यांना ३.२ वेळा. पण वाटेत जायला जागाच नसेल तर बाईने पाणी प्यायचं कसं? मुंबईत ‘राइट टू पी’ चळवळीने स्त्रियांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांची मागणी लावून धरली, ती म्हणूनच आरोग्याचीही मागणी आहे.

गैरसमज : अस्वच्छ राहणाऱ्या किंवा ‘तसल्या’ संबंधांतल्या बाईलाच हा आजार होतो.

वस्तुस्थिती : स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट लांब. त्यामुळे जिवाणूंना स्त्रीच्या मूत्राशयापर्यंतचं अंतर कमी पडतं. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. शरीरसंबंधात तिथलेच जिवाणू आत ढकलले जातात, म्हणून हा गुप्तरोग ठरत नाही आणि नवरा-बायकोने एकमेकांवर संशय घेण्याचं कारण नाही. उलट साबण किंवा ‘वॉश’ने आतून धुतलं तर योनीतले संरक्षक लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होतात. पाळी गेल्यावरही ते घटतात, म्हणून त्या वयात त्रास वाढतो.

गैरसमज : रिपोर्टमध्ये जिवाणू आले की अँटिबायोटिक घ्यायलाच हवं.

वस्तुस्थिती : काहीच त्रास नसेल तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशनं व्हायची असलेले रुग्ण हे मुख्य अपवाद. नमुना कसा घेतला यावरही रिपोर्ट अवलंबून असतो. पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत घ्यायची. बाटली पर्समध्ये तासन्‌तास राहिली तर आतले जिवाणू वाढत जातात. ती दोन तासांत लॅबला द्यावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी.

गैरसमज : मागच्या वेळची गोळी पुन्हा चालेल, जळजळ थांबली की बंद करायची.

वस्तुस्थिती : मागच्या वेळच्या गोळीला या वेळचा जिवाणू दाद देईलच असं नाही. अर्धवट आणि अनावश्यक गोळ्यांमधून औषधांना न जुमानणारे जिवाणू टिकतात, वाढतात. अनेक प्रभावी औषधं निकामी करणारं ‘एनडीएम-१’ हे विकर पहिल्यांदा लक्षात आलं ते २००८मध्ये, भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या लघवीतल्या क्लेबसिएलामध्ये. त्रास उलटत असेल तर कल्चर करून घ्यावं. कोणतं औषध लागू पडेल ते दोन-तीन दिवसांत कळतं. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्याव्यात, कमी नाही आणि जास्तही नाही. जळजळ कमी करणारं सिरप जिवाणू मारत नाही.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं किंवा उलट्या असतील तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गरोदरपण, मधुमेह किंवा कॅथेटर असेल, रुग्ण लहान मूल किंवा पुरुष असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. आणि घरातली बाई जळजळ होते म्हणाली, तर तिला सब्जा देऊन गप्प बसवू नका, तिच्याबरोबर दवाखान्यात जा.