लपवलेला चावा

"डॉक्टर, टॅबलेटमुळे हिचा हात दुखतोय," असे सांगत एक आई आपल्या अकरावीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. आम्हा डॉक्टरांच्या डोक्यात टॅबलेट म्हणजे गोळीच! "कुठली गोळी घेतलीस?" असे मी विचारताच मुलीला हसू फुटले. तिचा टॅबलेट म्हणजे पाटीएवढा पडदा. त्यावर खास पेनाने चित्रे काढायची. रंग, ब्रश, खोडरबर सारे त्या काचेतच. घरचे मांजर, मनोरीच्या खाडीतल्या होड्या, वाळत घातलेले बोंबील अशी कितीतरी चित्रे तिने दाखवली. मुलीच्या हातात कला आहे, यात शंका नाही.

मनगट तपासताना घड्याळाच्या पट्ट्याखाली दोन बारीक टोचे दिसले. भोवती लाली आणि थोडी सूज होती. "हे काय गं?" मुलीने आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. "मांजराला कुणी काही करणार नाही, ते माझ्याकडे लागलं," असे म्हटल्यावर ती बोलती झाली. चार दिवसांपूर्वी चित्रासाठी तिने मांजराला एका जागी दाबून धरले होते. ते चिडले आणि चावले. रक्त आले. तिने ते पुसून वर घड्याळ बांधले. घरी सांगितले नाही, कारण "पुन्हा कुणाला बोचकारलं तर मांजर बाजारात सोडून येऊ," असा दम आधीच मिळालेला होता. मांजराला लस कधीच दिलेली नव्हती, आणि दोन दिवस ते घरीही फिरकले नव्हते.

वाचकहो, रेबीज म्हटले की आपल्याला कुत्रा आठवतो. पण मांजराच्या चाव्यातूनही तो होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र लक्षणे दिसायला बहुधा काही आठवडे ते महिने लागतात आणि तेवढ्या अवधीत लस आपले काम करते. म्हणून उशीर झाला असला तरी लस घ्यावीच. पण मुद्दाम उशीर कधी करू नये.

लसीचे नाव काढताच आई घाबरली. "पोटात चौदा इंजेक्शनं?" ही भीती जुनी आहे. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात २००४ साली बंद झाली. आताची लस दंडावर देतात. स्नायूत दिली तर पहिल्या दिवसानंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत दिली तर ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या चाव्याला लसीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती आणखी एक इंजेक्शन द्यावे लागते. त्यातून तयार संरक्षण लगेच मिळते. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते.

मी जखम साबणाने धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि मायलेकींना लगेच पुढच्या बोटीने मार्वेला धाडले. त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. मांजर आठव्या दिवशी भुकेलेले परत आले. ते ठणठणीत राहिले, हे सर्वांचे नशीब. चाव्यानंतर दहा दिवस मांजर किंवा कुत्रा निरोगी राहिला, तर पुढच्या डोसांचे डॉक्टर ठरवतात. पण ते दहा दिवस संपेपर्यंत लस थांबवून ठेवायची नसते.

चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची यांतले काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून जखम बारीक दिसते, पण आत खोलवर जंतू जाऊन एकदोन दिवसांत पू होऊ शकतो. घरात वाढलेल्या सशापासून किंवा हॅमस्टरपासून रेबीजचा धोका अगदी क्वचित. तरी जखम धुवावीच आणि दाखवावीही. मांजराला तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस टोचून घ्या आणि पशुवैद्य सांगतील तेव्हा पुन्हा द्या. घरात गरोदर बाई असेल, तर मांजराची विष्ठा दुसऱ्या कुणीतरी, रोजच्या रोज काढावी.

आता मूळ तक्रार. अंगठ्याच्या मुळाशी तिला खरोखरच दुखत होते. पेन घट्ट आवळून तासन् तास बोटांनीच रेघा ओढल्या की तिथल्या कंडरा सुजतात. पेनाला कापड गुंडाळून ते जाड करावे, लांब रेघ खांद्यापासून हात हलवून काढावी. टॅबलेट मांडीवर नको, टेबलावर तिरपा ठेवावा. मांजर मांडीवर आणि मान खाली, अशा बैठकीत मानही धरते. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि पापण्या मिटाव्यात. दिवा घालवून, अंधारात चित्र काढत बसू नये. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलीने चित्रे सोडावीत किंवा मांजर हाकलावे, असे मी सांगितले नाही. सांगितले ते आईला. मुलांनी जखम लपवली, ती मांजरापायी नव्हे, आपल्या धाकापायी. घरात पाळीव प्राणी असेल, तर आज जेवताना मुलांना एवढेच सांगा: "चावलं तर लगेच सांग. कुणी रागावणार नाही, आणि मनी कुठेही जाणार नाही."